चार डायोड मी पुन्हा जोडले

मंडळी, अजून राग उतरलेला नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

आज मोखाड्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी माझा पॉवर सप्लाय मांडला होता. घरच्या विजेवरून बारा व्होल्ट देणारा. भंगारातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड, कपॅसिटर, रेग्युलेटर, फ्यूज आणि अर्थिंग केलेला पत्र्याचा डबा. आमच्या जामसरला व्होल्टेज इतकं वरखाली होतं की विकतचे अ‍ॅडॉप्टर टिकत नाहीत. माझे सगळे प्रयोग अडायचे, म्हणून हा बनवला.

परीक्षकांनी झाकण उघडून पाहिलं. "छान! कुणाकडून करून आणलंस?"

"मीच केलाय, सर."

"अगं, खरं सांग. तिकडे जामसरला तुला हे कोण शिकवणार?"

कान तापले माझे. रडू येत होतं, पण रडले नाही. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज केला, सोबत आणलेलं सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्यांच्यासमोर चारही डायोड सोडवून टेबलावर ठेवले.

"आता थांबा, सर. जाऊ नका."

तोवर गर्दी जमली होती. एकेका डायोडवरची दिशा दाखवणारी पट्टी कुठल्या बाजूला, ते मोठ्याने सांगत मी चारही परत जोडले. झाकण लावलं, प्लग घातला, मीटर धरला. बरोबर बारा व्होल्ट!

मग सरांनी फॉर्म काढून विचारलं, "मार्गदर्शक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"कुणाचंच नको. रिकामं ठेवा."

तुमच्या कामावर दुसऱ्याचं नाव लिहायला कुणी निघालं, तर तुम्ही लिहू देता का?