बाईंनी बांधलेला पाय
मलमाचा वास आला की जळगावचं ते तापलेलं मैदान आठवतं. आमच्या खेळाच्या बाई तरुणपणी खो-खो, कबड्डी आणि लांब उडी, तिन्हींत राज्याकडून खेळलेल्या. खो-खोच्या अंतिम सामन्यात माझा घोटा मुरगळला, तेव्हा बाईंनी मलम चोळून तो फडक्यानं करकचून बांधला. "दुखस का?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं. "हो बाई, पाय टेकवत नाही." "रडायचं ते नंतर. आधी पळ." मी पळाले आणि आम्ही जिंकलो. मैत्रिणी नाचत होत्या. बाईंनी माझ्या सुजलेल्या पायाकडे एकदाच पाहिलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "धुळ्याच्या पुढच्या स्पर्धेत हिच्या जागी तू खेळशील." तो माझा शेवटचा सामना होता, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. आज वाटतं, फडकं बांधतानाच बाईंना ते कळलं होतं.