अर्ध्या स्वराने वर गेलेली मावशी

आमच्या मावशीने आयुष्यात एकच तबकडी काढली आणि मग गाणं सोडलं. त्यानंतर ती दुसऱ्यांची गाणी लोकांना ऐकवत राहिली, आणि तेही असं, की हिने स्वतः कधी तोंड उघडलंय याचा कुणाला संशयही येऊ नये.

गुरुवारी दुपारी तिच्या खोलीत माणसं जमत. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान होतं. त्याची ऊब लाकडी जमिनीतून वर यायची, तळव्यांना लागायची आणि खिडकीच्या काचांवर वाफ धरायची. मावशी पडदा अर्धा ओढायची, तबकडी चक्क बाहीने पुसायची (मी ओरडायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी) आणि सुई ठेवण्याआधी एखादं वाक्य बोलायची. "हिच्यात तिसऱ्या ओळीला गाणारी श्वास घ्यायला विसरलीय. तिथे तुम्हीच घ्या." मग गाणं सुरू व्हायचं आणि खोली हळूहळू जागची सुटल्यासारखी वाटायची. भिंती कुठे आहेत, दुपार किती उरलीय, कशाची शुद्ध राहत नसे. एक निवृत्त पोस्टमास्तर दर गुरुवारी येत, डोळे मिटून ऐकत आणि घोरत. जागं केलं तर म्हणत, "झोपलो नव्हतो, ठेका धरला होता."

मावशीची स्वतःची तबकडी तिथे कधी वाजली नाही.

ती तबकडी मी लहानपणी चोरून ऐकली होती. आवाज पातळ, लख्ख, एवढा उंच की ऐकताना आपल्याच टाचा वर उचलल्या जाव्यात. भाड्याच्या एका दिवाणखान्यात एका दिवसात तिने ती गायली होती, साथीला अकॉर्डियनवर काका, म्हणजे तिचा नवरा. तबकडी घरी आली तेव्हा काका तिच्याबरोबर वाजवायला बसले, तर काही केल्या जुळेना. तबकडी त्यांच्या वाद्याच्या अर्धा स्वर वर बोलत होती.

काका म्हणाले, "तबकडीत काहीतरी चुकलंय."

मावशी म्हणाली, "एवढी मोठी कंपनी चुकेल आणि तुमचं खोकं बरोबर, होय? तुमचंच वाद्य उतरलंय."

सगळं घर मावशीच्या बाजूने. काका वादात हरून झोपणारा माणूस. त्यांनी मुकाट्याने अकॉर्डियन कारागिराकडे नेलं, आतल्या धातूच्या पात्या एकेक करून घासून घेतल्या आणि सगळं वाद्य अर्धा स्वर वर चढवून आणलं. बायकोला तबकडीसारखं गाता यावं, एवढाच हेतू.

तबकडी गाजली. मावशीला एका मोठ्या सभागृहात बोलावणं आलं. घासलेल्या वाद्याबरोबर ती उभी राहिली आणि दुसऱ्याच गाण्यात, वरच्या जागेवर तिचा आवाज फाटला. लोक भले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला शिवीपेक्षा लागल्या. तिने कानाला खडा लावला तो लावलाच.

"तो आवाज एकदाच आला होता गं," ती मला सांगायची, भाजी चिरता चिरता, अगदी साध्या सुरात. "मला सांभाळता आला नाही." घरात कुणी त्या तबकडीचं नाव काढलं की ती तिच्यातल्या आवाजाला 'ती बाई' म्हणायची. 'त्या बाईला' सगळं जमत होतं. मला त्या तबकडीचा मनापासून राग होता.

म्हणूनच गुरुवारच्या मंडळींत एक जुन्या तबकड्या विकणारा माणूस येऊ लागला आणि ती तबकडी नव्याने काढू या म्हणायला लागला, तेव्हा मी त्याला जिन्यात गाठून चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "लोक परत तो आवाज मागतील. ही गुरुवारीसुद्धा दार लावून बसेल, मग काय करायचं?" तो बिचारा जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. पण मावशीच कबूल झाली. काकांना जाऊन थोडीच वर्षं झाली होती. म्हणाली, "त्या बाईचं मला काही नाही. ह्यांचं वाजवणं लोकांच्या कानावर पडू दे."

बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामातून मूळ टेप मिळाली. तबकडीवाल्याच्या ओळखीची एक ध्वनिमुद्रण करणारी बाई होती, एका तळघरात काम करायची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एकच पिवळा दिवा, आणि दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी घडी करून ठेवल्यासारखं. आम्ही तिघं बसलो आणि तिने टेप लावली. गाण्याच्या आधी, तबकडीवर कधीच न आलेलं थोडं बोलणं निघालं. खुर्ची सरकली आणि एक पुरुष म्हणाला, "घाबरलीस का? माझ्याकडे बघ आणि गा."

मावशी म्हणाली, "हा कोण?"

"तुमचे मिस्टर असतील ना? अकॉर्डियनवाले," ध्वनिमुद्रणवाली म्हणाली.

"छे! मला माझ्या नवऱ्याचा आवाज कळत नाही होय? ते बोलले की टेबलावरच्या कपबश्या वाजायच्या. हा कुणी कोवळा पोरगा आहे."

ध्वनिमुद्रणवालीने टेप थांबवून मागे घेतली. मग म्हणाली, "त्या दिवशी विजेचा जोर कमी असेल, तर यंत्र हळू फिरलं असणार. हळू फिरवून भरलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं, की आवाज पातळ होतो आणि वर चढतो. मी वेग कमी करत जाते. आवाज तुमच्या मिस्टरांचा वाटला की सांगा."

तिने बटण फिरवलं. "घाबरलीस का?"

"अजून खाली."

"घाबरलीस का? माझ्याकडे बघ..."

"अजून थोडं."

मावशीने डोळे मिटले होते, एक हात टेबलावर पालथा ठेवला होता. पुन्हा खुर्ची सरकली, पुन्हा प्रश्न आला.

"हां," मावशी म्हणाली. "आता आलेत."

कुणी बटणाला हात लावला नाही. टेप तशीच पुढे गेली आणि गाणं सुरू झालं. तो आवाज मी तबकडीवर कधी ऐकला नव्हता, पण जन्मभर ऐकत आले होते. मला जेवायला हाक मारणारा, दारातून "छत्री घे" म्हणणारा, भरदार, जरासा खरखरीत. वरच्या जागेवर तो आरामात गेला. ती जागा मुळात तेवढी वर नव्हतीच.

मावशी ऐकत राहिली. गाणं संपल्यावर तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "इतकी वर्षं मी हिचा हेवा केला गं," ती म्हणाली, "आणि अशी कुणी नव्हतीच." मग ती रडली, आणि खरं सांगायचं तर मीही रडले. माझ्या डोळ्यांपुढे ते घासून घेतलेलं अकॉर्डियन होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! घरात खरं बोलणारी एकच वस्तू होती आणि तिलाही आम्ही तबकडीची री ओढायला लावली होती.

तबकडीवाला चाचरत म्हणाला, "लोकांना जुना, उंच आवाजच पाठ आहे. तक्रार करतील."

"करू देत," मावशीने नाक पुसलं. "माझ्या नावाने बोंब मारायची, तर निदान माझ्या आवाजावर मारू देत."

नवी तबकडी आली त्या गुरुवारी तिने ती स्वतः लावली. आधी काही बोलली नाही. खालून ऊब येत होती, काचा धूसर होत्या, आणि पोस्टमास्तर चक्क जागे होते. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाले, "आवाज जरा जड वाटतो, बाई. आधीच्या तबकडीतली पोरगी गोड होती."

"ती पोरगी नव्हतीच, मास्तर," मावशी म्हणाली.

दुसरं गाणं लागलं, सभागृहात फाटलेलं तेच. मावशी खिडकीपाशी उभी होती. आधी नुसते ओठ हलले. मग तबकडीतल्या आवाजाखाली अजून एक आवाज उमटला, तोच, पण झिजलेला, म्हातारा. खोलीत कुणी मान वळवली नाही, जणू वळवली तर तो थांबेल. दोघी बरोबर चालत वरच्या जागेपर्यंत गेल्या. तबकडीतली सहज वर चढली. मावशीचा आवाज फाटला.

मी सुई उचलायला धावले. मावशीने हात आडवा केला. ती हसत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "हा फाटला ना, तो माझा आहे." आणि तिने पुढची ओळ घेतली.