न किडलेले दात

सुलतानपूरच्या जनकाबाईचे दात पांढरे, सरळ. कीड म्हणून कुठे नाही. तरी अधूनमधून हिरडी फुगायची, पू व्हायचा आणि जवळच्या बीबी गावच्या बाजारात जाऊन धडधाकट दिसणारा दात उपटून घ्यावा लागायचा. पाय बापासारखेच फाकलेले, उंची बेताची. सासू वच्छलाबाई म्हणायची, "तोंड धुत नसशील नीट." जनकाबाई हिरडी सोलवटेपर्यंत कडुलिंबाची काडी घासायची.

मुलगी पुष्पा चालू लागली तसे तिचेही पाय वाकले. दवाखान्यातून माशाचं तेल मिळालं. तेल पाजलं, उन्हात बसवलं, पाय तसेच. मग तिच्या दुधाच्या दाताखाली गळू आलं.

"पोरीला गूळ चारता अन् मग रडत येता!" डॉक्टर खेकसले.

"गूळ नाही देत साहेब. कीड कुठी हाये, दाखवा ना."

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

जनकाबाई नवऱ्याला, भगवानरावांना म्हणाली, "मी नागपूरले जातो. तुमी येता का एकटी जाऊ?" मलकापूरहून दोघांनी पोरीला घेऊन गाडी धरली.

नागपुरात डॉक्टरीणबाईंनी माहेरच्यांची चौकशी केली, दोघींचं रक्त तपासलं, पुष्पाच्या दाताचा एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "वरचं कवच चांगलं दिसतं, पण आतला थर कच्चा आहे. क्षार बसलेच नाहीत. नसेची पोकळी पार दाताच्या चावायच्या टोकापर्यंत गेलीय; बारीक भेगेतूनही जंतू आत शिरतात. शरीरातला फॉस्फरस लघवीवाटे जातो, म्हणून हाडंही मऊ. हे तुमच्याकडून तिला आलं, तुम्हाला वडिलांकडून."

"मंग तेल पाजून काय झालं?"

"नुसत्या तेलानं भागत नाही."

"अन् इतके वर्सं सारे मलेच काऊन बोलत होते?"

बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

फॉस्फरसचं औषध मिळालं. ते दिवसातून कितीदा तरी घ्यायचं. पुष्पाला जुलाब व्हायचे, आणि संपलं की पुन्हा नागपूर. कधी जमलं, कधी नाही. पाय थोडे सावरले, सरळ झाले नाहीत. पुष्पाच्या दाढांवर मात्र जंतू शिरू नयेत म्हणून स्टीलच्या टोप्या बसल्या. पुढे पक्का दात सुजला तेव्हा जनकाबाईने बीबीचं नाव काढू दिलं नाही. नागपूरला मूळ साफ करून तो दात वाचवला.

तिचे स्वतःचे पुढचे सगळे दात तोवर गेले होते. पुष्पाच्या टोप्या पाहून वच्छलाबाई शेजारणीला सांगत होती, "माय दात घासून देत नाही, मंग काय होईल!"

जनकाबाई भाकर दुधात कुस्करत होती. तिने ताटली सरकवली आणि न जेवताच उठली.