अंड्याचा ट्रे आणि दिलदार मिस्त्रीचा कान

दिलदार मिस्त्रीनं आयुष्यात कधी फिलर गेज वापरला नाही. इंजिनातल्या रॉकरखालच्या फटीत सरकवून अंतर मोजायची ती पातळ पट्टी त्याच्या ड्रॉवरात होती, पण तिचा उपयोग दातात अडकलेली सुपारी काढायला व्हायचा. "ज्याला कान न्हाईत त्यानं पट्ट्या घालाव्यात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. शाहूपुरीतल्या त्याच्या शेडसमोरून ट्रॅक्टर गेला, की चहाचा कप हातात तसाच धरून सांगायचा, "दुसऱ्या शिलिंडरचा रॉकर ढिला हाय." आणि तो असायचाही. तीस वर्षं या कानाच्या जिवावर त्यानं भाकरी खाल्ली आणि त्याहून जास्त मिजास केली.

अडचण एवढीच होती, की तो कान दोन वर्षांपूर्वीच रिटायर झाला होता. बायको शमशादला हे माहीत होतं, कारण घरातला टीव्ही आता चार घरांना फुकट ऐकू जायचा. शेडमधल्या भागीदाराला, ज्ञानूला, माहीत होतं. चहावाल्यालाही माहीत होतं. मिस्त्रीला तोंडावर सांगायची छाती मात्र कुणाची नव्हती. शमशादनं एकदा डॉक्टरचा विषय काढला, तर "तुम्ही समदी हल्ली पुटपुटाय लागलाय" म्हणून यानं तिलाच झापलं.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर वर्धमान अण्णांचा ट्रॅक्टर आला. अण्णा हातकणंगल्याकडचे जैन शेतकरी, शांत आणि चिवट. इंजिन काळा धूर ओकत होतं, म्हणून पूर्ण उघडायचं ठरलं. पुढं ऊसतोड सुरू होणार होती आणि अण्णांच्या ट्रॉल्या पहिल्या दिवसापासून लागणार होत्या.

"मिस्त्री, हंगाम चुकला तर माझं वरीस गेलं बघा."

"अण्णा, इंजनातनं आवाज आला तर दुकानाला कुलूप घालतो!" हे मिस्त्री चहाच्या गाड्यावर, भर गर्दीत बोलला. नको तिथं आणि नको तेवढं बोलायची त्याला हौसच होती.

आता त्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे सहा रॉकर, त्यांच्या खाली सहा दांड्या आणि दांड्यांच्या बुडाशी बुचाएवढे सहा पोलादी लिफ्टर. जो लिफ्टर ज्या जागी झिजला, तो परत त्याच जागी बसला पाहिजे. नाहीतर त्याला खालून उचलणाऱ्या कॅमशी त्याचं पटत नाही, तो भराभर झिजतो आणि वर रॉकर ढिला होऊन टकटकायला लागतो. म्हणून कसलाही अडाणी मिस्त्री असला तरी काढलेले लिफ्टर अंड्याच्या ट्रेमध्ये, खणाखणाला खडूनं नंबर घालून ठेवतो. दिलदारनंही ठेवले होते.

मग आली खंडेनवमी. ज्ञानूनं पाने, हातोडे, जॅक धुऊनपुसून मांडले, नारळ ठेवला, झेंडूच्या माळा घातल्या. तेवढ्यात अण्णांचा फोन आला, की बाजारात आलोय, पूजेला येऊन जातो. मिस्त्रीची नजर नारळाशेजारच्या ट्रेवर गेली आणि त्याच्या अंगावर काटा आला. जैन माणूस पूजेला येणार आणि नारळाजवळ अंड्याचा ट्रे! घरी शमशादच्या हातचं तो काहीही खात असो, गिऱ्हाइकाचा मान त्याला कळत होता. त्यानं भराभर लिफ्टर उपसले, ट्रे भिंतीपलीकडं भिरकावला, लिफ्टर रॉकेलनं लखलखीत केले आणि नारळाभोवती गोल मांडून प्रत्येकावर एकेक फूल ठेवलं. फोटो काढून स्टेटसला टाकला. अण्णा आले, पेढा खाल्ला, "झकास मांडलंय" म्हणाले. मिस्त्री दिवसभर फुगून बसला.

दोन दिवसांनी त्यानं ते लिफ्टर हाताला येतील तसे बसवले आणि अण्णांना बोलावून इंजिन चालू केलं.

"ऐका! कसं लोण्यागत चाललंय!"

अण्णांनी ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानूनं छताकडं पाहिलं. "मिस्त्री, टकटक येतंय की," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"हितं. धडधडीत."

मिस्त्रीनं नाइलाजानं झाकण काढलं. दोन रॉकर ढिले होते. ते आवळले, अर्धा तास चालवलं, पुन्हा ढिले. पुन्हा आवळले. त्यानं पार्ट बनवणाऱ्या कंपनीला शिव्या दिल्या, तेलाला दिल्या, चीनला दिल्या. तिसऱ्या खेपेला शमशाद डबा घेऊन आली आणि गेटातूनच ओरडली, "अवं, काय टकटक लावलीया ही? पार कोपऱ्यापतुर ऐकू यायलीया!"

मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला, त्याची मूठ कानाशी धरली. काही नाही. दुसरा कान लावला. त्यातही काही नाही. चहाच्या गाड्यावरची माणसं बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाचावर धारण बसली.

बोटं मात्र अजून शाबूत होती. इंजिन बंद करून त्यानं ज्ञानूला ते हातानं फिरवायला लावलं आणि एकेका दांडीला चिमटीत धरलं. चार दांड्या चिमटीत गरगरल्या, म्हणजे त्यांचे लिफ्टर ठीक होते. दोन जागच्या हलेनात. पुन्हा अख्खं इंजिन उघडलं. त्या दोन लिफ्टरांची तोंडं बशीसारखी खोल गेली होती. कॅम तेवढा नशिबानं वाचला होता.

"नंबरानं बसीवलंत न्हवं?" अण्णांनी विचारलं.

ज्ञानूनं शांतपणे मोबाईल काढून स्टेटसचा फोटो पुढं केला. मधे नारळ, भोवती सहा लिफ्टर, वर झेंडू. नंबर कुठंच नाही.

"ट्रेमधी हुतं," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "अंड्याच्या. तुम्ही येणार म्हणून फेकला."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "मी काय ट्रे खाणार हुतो व्हय, दिलदारभाई?"

चहाच्या गाड्यावर हशा उसळला. तो तरी मिस्त्रीला ऐकू आला असेल, असं म्हणायला हरकत नाही.

नवे लिफ्टर आले, नव्या ट्रेमधून एकेक बसले. मग मिस्त्रीनं ड्रॉवर उघडला, सुपारीचा तुकडा पुसून फिलर गेज काढला आणि सहाही रॉकर पट्टीनं लावले. ज्ञानू तोंडाचा आ करून बघत होता. इंजिन सुरू झालं. या वेळी मिस्त्रीनं लोण्याचं नाव काढलं नाही. तो इंजिनाकडं बघतच नव्हता, अण्णांच्या तोंडाकडं बघत होता.

"अण्णा, येतंय का टकटक?"

अण्णांनी काहीतरी सांगितलं. मिस्त्री एक पाऊल जवळ सरकला. शमशाद, ज्ञानू, चहावाला, सगळे तिथंच उभे होते.

"मोठ्यानं सांगा की, अण्णा," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."