खडूची खूण

अनघाताईंनी मला धीर दिला. त्या कॅन्सरवर संशोधन करतात. बंगळुरातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात ॲप्रन आखूड करायला आल्या होत्या. गावी माझ्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर आहे हे कळल्यावर त्यांनी कापडावरच्या खडूच्या खुणेवर बोट ठेवलं.

"पेशीतल्या आरएनएवरही अशा बारीक रासायनिक खुणा असतात. त्या बिघडल्या की काही कॅन्सर फोफावतात."

"मग झटकायच्या की!" सातवीतच शाळा सुटलेला मी बोलून गेलो.

त्या हसल्या. "पेशी पुसतेही रे त्या. तेच आम्ही औषधानं जमवायला बघतोय. वेळ लागेल."

तेव्हापासून खडूची रेघ ओढली की बोटानं पुसून बघतो. एवढीशी खूण, आणि चक्क पुसता येणारी! तेवढा वेळ बहिणीला मिळेल ना, ही धाकधूक आहेच. पण ताई, हे उपकार फेडीन. एक दिवस तिला घेऊनच तुमच्या दारी येईन.