वाळवंटात दृष्ट कुणाची?

ताईने आरव्ही भाड्याने घेतली ती आईला वाळवंट दाखवायला. आरव्ही म्हणजे आत शेगडी, पलंग आणि संडाससुद्धा असलेली बसएवढी गाडी. मी आईला सोबत म्हणून नाशिकहून ॲरिझोनाला ताईकडे आले होते. माझी रजा संपत आली होती आणि ताई रोज आईला म्हणत होती, दिवाळीपर्यंत राहा. आई हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. मला तिला माझ्याबरोबर परत न्यायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तशी फार सांगत नाहीच.

गाडी ताई चालवायची. शेजारी आई. मी आणि जिजू मागे, जेवणाच्या टेबलाशी पट्टा लावून. तिथल्या खिडकीतून वाळवंट आडवं सरकत जायचं. तांबडे डोंगर, माणसाच्या दुप्पट उंचीचे निवडुंग, मग पुन्हा तेच. आई म्हणाली, आमच्या देवळ्याकडे उन्हाळ्यात असंच दिसतं, फक्त इथे कुणी कांदा लावला नाही. ताई खूप हसली. असले विनोद मी घरी रोज ऐकते आणि बहुतेक वेळा फोनमध्ये असते.

"केवढं धूड चालवते माझी पोर," आई दर थोड्या वेळाने म्हणायची. नाशिकला माझ्या स्कूटीवर बसली की ती मागची दांडी घट्ट धरते आणि गंगापूर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला "हळू" म्हणते. मी तिला आजवर एकदाही पाडलेलं नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना ताईने ती खांबाला घासली. दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा उठला. मला बरं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी वाकून ओरखडाच बघत राहिले.

"दृष्ट लागली," आई म्हणाली.

"अहो आई, दृष्ट लावायला दिवसभरात माणूस तरी भेटला का?" जिजू म्हणाले. "निवडुंगाची लागली असेल."

सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा. त्या गाडीत आम्ही चौघंच तर होतो.

आईने ताईला पलंगावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन तिच्यावरून उतरवत पुटपुटू लागली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. 'घरच्या' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने मूठ तव्यात टाकली. धूर झाला, पण ठसका कुणालाच आला नाही. आमच्याकडे मिरच्या जळून ठसका नाही आला, तर दृष्ट खरीच होती असं धरतात. म्हणून मी खोकले.

"खोटं खोकू नकोस," आई म्हणाली.

तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. जिजू टॉवेल हलवत धावले. शेजारच्या गाडीतलं म्हातारं जोडपं बाहेर येऊन बघू लागलं, तेव्हा ताईने त्यांना इंग्रजीत सांगितलं की स्वयंपाकात जरा मसाला करपला.

भोंगा थांबल्यावर आई मला म्हणाली, चल, तुझीपण काढते. आत नको म्हणून बाहेर शेकोटीजवळ खुर्चीत बसवलं. तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरत होता आणि मी लहान मुलीसारखी मान ताठ धरून बसले होते. नाशिकमध्ये तिने असं शेवटचं कधी केलं होतं, मला आठवेना. मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या आणि आम्ही सगळेच खोकत सुटलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पलीकडे म्हातारेबुवाही खोकत होते.

आई खूश झाली. "हिला कुणाचीच नाही लागलेली."

मी डोळे पुसले. कुणाचीच नाही. ताईच्या नशिबावर कुणाचातरी डोळा होता, त्याने गाडी घासली. माझ्याकडे तेवढ्या नजरेनेही कुणी पाहिलं नव्हतं.

निखारे विझत आल्यावर आईने ठरवलेलं सांगितलं. ती राहणार होती. "हिला दृष्ट लागते, हिच्याजवळ कुणीतरी असायला हवं आता," ती ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "तुझं काय, तुझं सगळं नीट आहे. तुला चालेल ना गं?"

"राहा की," मी म्हणाले.

"बघ, किती समजूतदार आहे," आई म्हणाली. तेही ताईलाच.