न धडकलेले भावजी

आयुष्यात एकदाही कुणाला न धडकलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या अक्काचा नवरा. आम्ही बाकीची मंडळी जन्मभर उंबऱ्यांना, नातेवाइकांना आणि सरकारी खात्यांना ठेचकाळत आलो. भावजींच्या कोपराला कुणाचं कोपर म्हणून लागलं नाही. हे काही आपोआप झालं नव्हतं. त्यासाठी त्यांनी अख्ख्या गावाचा जीव खाल्ला होता.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं भावजी मुंबईच्या एका लहानशा विमानतळावर होते. मनोऱ्यात बसून दिवा दाखवायचा, ही नोकरी. मोठी विमानं तिथे येत नसत; हौशी आणि शिकाऊ लोकांची दोन माणसांची विमानं सकाळभर घुंघुं करत फिरायची. त्यांच्यात रेडिओ नव्हता. हिरवा दिवा दिसला की उतरायचं, तांबडा दिसला की पुन्हा फेरी मारायची. रविवारी सहा-सहा विमानं एकाच मैदानावर घिरट्या घालत, आणि ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ठरलेली वाट होती: वाऱ्याच्या तोंडावर उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळून मैदानाला समांतर जायचं, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मग उतरायचं. मध्येच कुणी घुसायचं नाही. "वरच्याक खालचो दिसत नाय, खालच्याक वरचो दिसत नाय," भावजी सांगायचे, "आणि दोघांकय वाटता, आभाळ आपल्या एकट्याचाच!" मला हे विमानांपेक्षा आमच्या भाऊबंदकीचंच वर्णन वाटायचं.

नोकरी सोडून ते कुडाळजवळ आपल्या गावी आले, तेव्हा आभाळातली ही शिस्त त्यांनी जमिनीवर उतरवली. कुणाच्याही खळ्यात, म्हणजे अंगणात, ते सरळ शिरत नसत. आधी कडेने यायचे, तुळशीला वळसा घालायचे, पडवीत कोण आहे कोण नाही ते पाहायचे आणि मगच पायरी चढायचे. तोवर यजमानीणबाईंचा चहा उकळून काळा झालेला असे. घरात तर वळणावळणावर पुकारा: "मी पडवीतसून माजघरात वळतंय! हातात गरम पेज आसा!" नव्या सुनांना वाटे, म्हाताऱ्याला काही झालं आहे की काय. पण त्या घरात कधी पेज सांडली नाही हेही खरं. पाणंदीत समोरून सायकल आली की ते हात वर करून थांबवायचे आणि विचारायचे, "तू माका दिसलंस. पण मी तुका दिसलंय काय?" सायकलवाला "होय" म्हणाला की मगच पुढे. आणि त्यांचं सगळ्यांत आवडतं वचन: "जो हलता, तेका भियां नको. जो नजरेत एकाच जाग्यार रवता आणि मोठो होत जाता, तोच आंगार येता." हे ऐकून एका म्हाताऱ्या तांडेलाने पान थुंकून म्हटलं होतं, "ह्या आमच्या होडयेक पण ठावक आसा रे. ह्या शिकाक तू मुंबयेक गेल्लंस?"

देवळात मात्र त्यांची पंचाईत झाली. देव ठेवायचा उजव्या हाताला, म्हणजे प्रदक्षिणेला सगळी वळणं उजवी. भावजी दोन दिवस विचारात होते. मग जाहीर केलं, "काय काय मैदानार उजवी फेरी आसता. वाऱ्याचो प्रश्न." त्यानंतर वालावलच्या उत्सवात एक मुंबईकर गृहस्थ बोलण्याच्या नादात उलटे निघाले, तर यांनी भर गर्दीत दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं आणि देवळाबाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून आत यायला लावलं. गृहस्थांना वाटलं, हे देवस्थानचे कुणीतरी मोठे मानकरी असावेत. त्यांनी भावजींना वाकून नमस्कार केला.

हसण्यावारी नेण्याजोगं एवढं सगळं होतं. एक गोष्ट मात्र अक्का कधीच हसण्यावारी नेऊ शकली नाही. घराबाहेर पडताना आपण सगळे "येतो" म्हणतो. भावजी म्हणत, "जातंय."

यामागे त्यांच्या नोकरीचा शेवट होता. विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला गवत कापायच्या गाडीवर आचऱ्याचा एक गडी होता. दोघांचं फोनवर बोलणं अर्थातच मालवणीत. एका रविवारी त्या गड्याने फोन ठेवताना म्हटलं, "बरां, येतंय." भावजींनी ते घरच्या कानाने ऐकलं: निरोप घेतला, गेला. त्यांनी उतरणाऱ्या विमानाला हिरवा दिवा दाखवला. गडी मात्र खरोखरच येत होता, गाडी घेऊन, धावपट्टी ओलांडत. शिकाऊ पोराने ऐन वेळी विमान वर उचललं, आणि त्याच्या डोक्यावर दुसरं विमान उतरत होतं. ना याला तो दिसला, ना त्याला हा. मधे एका माडाची उंचीसुद्धा उरली नव्हती म्हणतात. दोन्ही वाचली. चौकशीत साहेबांनी विचारलं, "येतो म्हणजे नक्की येतो की जातो?"

"साहेब, आमच्यात जातानाच येतो म्हणतात."

"मग येताना काय म्हणतात?"

"येताना काही म्हणत नाहीत साहेब. येतात."

साहेबांनी त्यांना माफ केलं. पण त्यानंतर दिवा दाखवण्याआधी ते पुन्हा पुन्हा फोन करून खात्री करू लागले. त्यांनी आपण होऊन नोकरी सोडली आणि "येतो" हा शब्दही सोडला.

अक्काची बाजू निराळी होती. आमचे वडील एका सकाळी घाईघाईत "जातंय गो" म्हणून गलबतावर चढले ते पुन्हा दिसले नाहीत. तेव्हा अक्का नऊ वर्षांची होती. भावजी नुसते मासळी आणायला निघाले तरी तो शब्द कानावर पडताच तिच्या हातातलं काम सुटायचं. ती चुलीपुढून धावत उंबऱ्यावर यायची आणि ओरडायची, "येवा हां! बेगीन येवा!" ते परत येईपर्यंत तिचं कशात लक्ष लागत नसे. मी एकदा भावजींना म्हटलं, तिच्यासाठी तरी म्हणा. "दोन पोरां मेली असती रे," एवढंच ते म्हणाले. दोघांचं खरं होतं, त्यामुळे मी पुन्हा मधे पडलो नाही.

मग शालूचं लग्न ठरलं. त्यांची एकुलती एक मुलगी, आणि भावजींच्या शाळेची एकमेव विद्यार्थिनी. स्थळ बांद्याचं. मांडवात भावजींनी पंगतीची अशी वाट आखली होती की भाताचं पातेलं आणि सोलकढीचा तांब्या कधी समोरासमोर आलेच नाहीत. ज्याची पाळी नसेल त्या वाढप्याने खांबाभोवती फिरत राहायचं. तीनशे पानं उठली आणि कुणाच्या धोतरावर एक थेंब नाही. व्याही तर थक्कच झाले.

निघायची वेळ झाली. मोटार उभी होती. शालू सगळ्यांच्या पाया पडली, अक्काच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी बापापुढे वाकली. मग, लहानपणापासून शिकवलं होतं तसंच, डोळे पुसून स्पष्ट म्हणाली, "बाबा, जातंय."

अक्काने तोंडावर पदर धरला. मुलीच्या सासूबाईंनी शेजारणीचा हात घट्ट पकडला.

भावजींचा चेहरा मी तेव्हा जसा पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. "जातंय नको म्हणू गो, बाय," ते म्हणाले. "येतंय म्हण."

"तुमीच शिकवल्यात ना? मगे गोंधळ होतलो, बाबा."

"होंव दी गोंधळ. तू म्हण."

"येतंय," शालू म्हणाली.

"कधी?"

कुणीतरी हसलं, आणि मग आम्ही सगळेच हसता हसता रडलो. शालू मोटारीत बसली, चालकाने इंजिन चालू केलं, पण मोटार हलेना. भावजी रस्त्याच्या मधोमध, थेट मोटारीच्या तोंडाशी उभे होते. अक्काने जाऊन त्यांचा दंड धरला. "गणपतीक येतली ती," ती हळूच म्हणाली. "वायच कडेक सरा. गाडी जांव दी."

ते बाजूला झाले. मोटार गेली, आणि मागून वऱ्हाडाच्या बैलगाड्या निघाल्या. भावजी पुन्हा नकळत रस्त्यात येऊन उभे राहिले होते. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून त्यांना वळसा घालून जात राहिलं, आणि त्यांनी कुणालाही हात वर करून थांबवलं नाही.